तुम्ही विचारलंत म्हणून : चीनला पहिल्यांदा येणाऱ्यांना मी काय सांगते

पुण्याला आले की कुणी ना कुणी विचारतंच, आणि हल्ली जर्मनीत राहणारे मराठी ओळखीचेही विचारतात : "चीनला पहिल्यांदा येणाऱ्या त्या जर्मन लोकांना तू नेमकं सांगतेस तरी काय?"

शांघायजवळ, गाडीने साधारण तासाभरावर थायत्सांग नावाचं शहर आहे. याच्याच बंदरातून १४०५ साली चंग ह या चिनी दर्यासारंगाचं आरमार निघालं आणि पार कालिकतपर्यंत पोचलं. १९९३ पासून इथे जर्मन कारखाने येत गेले, आज ते पाचशेच्या वर आहेत. त्यातल्याच एका कारखान्यात मी सहा वर्षं काम केलं. जर्मन भाषा मी पुण्यात शिकले होते, चिनी तिथे गेल्यावर. नवा माणूस आला की त्याला स्टेशनवरून आणायचं, भाड्याचं घर दाखवायचं, पहिले दोन आठवडे सोबत राहायचं, हे माझ्याकडे असे.

व्यवहाराच्या चार गोष्टी मी पाहुणा निघण्यापूर्वीच कळवून मोकळी होत असे. फोनवर अलीपे किंवा वीचॅट हे पैसे देण्याचं ॲप घेऊन आपलं कार्ड त्याला जोडून या, कारण भाजीवालीसुद्धा क्यूआर कोडच पुढे करते. गूगल आणि व्हॉट्सॲप इथे चालत नाही, तेव्हा हॉटेलचा पत्ता चिनी लिपीत जवळ ठेवा. खिशात कागदी रुमाल हवेत, सार्वजनिक स्वच्छतागृहात कागद असेलच असं नाही. टिप ठेवू नका, पोरगं पैसे परत द्यायला मागे धावत येईल. आणि १ ऑक्टोबरच्या आठवड्यात किंवा चिनी नववर्षाला प्रवास आखू नका, अख्खा देश त्या दिवसांत गावी निघालेला असतो.

खरं बोलणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी होई. तोवर पाहुण्याचा चेहरा उतरलेला असे. "लोक रुक्ष आहेत," तो म्हणे. "प्लीज नाही, थँक यू नाही. मी आभार मानतो तर हात झटकतात. आणि उलट पगार किती, विचारतात."

एक इंजिनिअर आठवतो. पन्नाशीचा, शांत माणूस, आल्या आल्या सर्दी-खोकल्याने बेजार झाला. आमच्याकडे कुणी आजारी पडलं की 'लवकर बरं वाटो' एवढं तरी म्हणतात, इथे कुणी साधं विचारलंही नाही, असं तो मला दुपारी म्हणाला. मी त्याच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे वाफाळतं पाणी भरलेले तीन पेले होते. एक कागदी, एक झाकणाचा चिनी मातीचा, आणि एक कुणीतरी स्वतःचा घरून आणलेला स्टीलचा, त्यात दोन वाळवलेल्या लाल चिनी बोरांचे तुकडे तरंगत होते. सकाळपासून तीन वेगवेगळी माणसं येऊन न बोलता ठेवून गेली होती. त्यातला एक यंत्रावर काम करणारा मिस्त्री, ज्याची आणि याची धड ओळखही नव्हती. इंजिनिअरने तिन्ही पेल्यांना हात लावला नव्हता. त्याला वाटलं होतं, कुणीतरी विसरून गेलं असेल.

"दुओ ह र-श्वेइ", म्हणजे गरम पाणी जास्त पी. ताप असो, पोटात दुखत असो, पाळीचा त्रास असो, चिनी माणसाच्या तोंडी हे पहिलं वाक्य येतं, आणि बरेचदा वाक्यही येत नाही, थेट पाणीच येतं. थंड पाण्याने पोट बिघडतं ही तिथल्या वैद्यकातली जुनी समजूत. पण घराघरात ते रुजलं ते विसाव्या शतकात. नळाचं पाणी पिण्याजोगं नव्हतं, कॉलऱ्यासारख्या साथींची भीती होती. १९३० च्या दशकात आणि पुढे १९५२ च्या सार्वजनिक आरोग्य मोहिमेत 'उकळलेलंच पाणी प्या' हे सरकारने लोकांच्या गळी उतरवलं. कारखान्यांत, शाळांत उकळत्या पाण्याची खोली असे आणि माणसं थर्मास घेऊन रांगेत उभी राहत. आजही ताशी तीनशे किलोमीटरने धावणाऱ्या गाडीत डब्याच्या टोकाला गरम पाण्याचा नळ असतोच. त्या एका पेल्यात 'मला तुझी काळजी वाटते' हे सगळं येऊन जातं, असं मी त्या इंजिनिअरला सांगितलं. त्याने स्टीलचा पेला उचलला आणि तो कुणाचा हे शोधायला उठला.

आभारांचंही असंच. दुकानात, हॉटेलात 'श्ये श्ये' सर्रास म्हणतात, म्हणावंही. पण जवळच्या माणसाला वारंवार म्हटलं की त्याला दुखतं. 'श्ये श्ये'ला उत्तर येतं 'बू ख-छी'. पुस्तकात त्याचा अर्थ 'काही हरकत नाही' असा देतात. शब्दांत पाहिलं तर 'पाहुण्याचा रिवाज नको'. आपल्याकडे आत्या म्हणते ना, "आभार कसले मानतोस, परका आहेस का?" अगदी तेच. मराठी माणसाला हे एका वाक्यात कळतं. जर्मन माणसाला मात्र लहानपणापासून शिकवलेलं असतं की आभार न मानणं म्हणजे असंस्कृतपणा, म्हणून त्याच्याशी मी घाई करत नसे.

घरमालकीण विचारते, वय किती, मुलं किती, पगार किती. शहरातली तरुण मंडळी आता हे फारसं विचारत नाहीत, पण सोसायटीच्या बाकावर बसलेल्या आज्या विचारणारच. उत्तर अचूक द्यायचं नसतं. आपण "काय, कुठे निघालात?" असं विचारतो तेव्हा पत्ता हवा असतो का? "जरा बाहेर" एवढं पुरतं. 'छ्र-ल-मा', जेवलात का, हेही तसंच. त्यावर 'हो, तुम्ही?' म्हणायचं, आमंत्रण आहे असं समजून वाट पाहायची नाही. मोठ्या वयाच्या बाईला हाक 'आयी' म्हणून मारायची. ऐकायला आपल्या 'आई'सारखा, आणि अर्थ चक्क मावशी. भाजीवाली, घरकामाला येणारी बाई, मैत्रिणीची आई, सगळ्या आयी. एका जर्मन बाईला मी ही हाक शिकवली, तेव्हा आठवड्याभरात फाटकाजवळची फळवाली तिला संत्री निवडून द्यायला लागली.

जेवायच्या काड्या कशा धराव्यात, काय करू नये याच्या लांबलचक याद्या मला आवडत नाहीत. घाबरलेला पाहुणा नीट जेवत नाही आणि यजमान हिरमुसतो. भातात काड्या उभ्या खोचू नका, मेलेल्यांपुढे उदबत्त्या अशाच लावतात, एवढं पुरे. भेट न्यायची तर फळं न्या, दोन्ही हातांनी द्या, आणि समोर उघडली नाही तर मन खट्टू करू नका. घड्याळ मात्र नको. 'घड्याळ देणे' आणि 'अंत्यसमयी निरोप देणे' यांचा उच्चार चिनीत एकच होतो.

जेवणाचं एवढं सांगते. ताटं वेगळी नसतात, पदार्थ मध्ये येतात आणि सगळे त्यातून घेतात. दाराकडे तोंड असलेली जागा मुख्य पाहुण्याची. माशाचं तोंड त्याच्याकडे करतात. यजमानीण वाढण्याच्या वेगळ्या काड्यांनी माशाच्या गालाजवळचा मऊ तुकडा काढून तुमच्या वाडग्यात ठेवते. न मागता, न विचारता. अनेकांना हे खटकतं : माझ्या वाडग्यात काय घ्यायचं ते मी ठरवीन. मी त्यांना म्हणत असे, तुकडा कुठला आला ते बघा. वाडगा रिकामा झाला की पुन्हा भरणार, तेव्हा पोट भरल्यावर थोडं राहू द्या. जेवून आधी उठावं लागलं तर बाकीच्यांना 'मान-मान छ्र' म्हणायचं. सावकाश जेवा. पंगतीत फिरताना आपण 'सावकाश होऊ द्या' म्हणतो, तेच. हे पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा परदेशात येऊन सहाच आठवडे झाले होते, आणि मला घास गिळेना.

तो इंजिनिअर पुढे बरा झाला. स्टीलचा पेला ज्या बाईंचा होता त्यांनी त्याला घरी जेवायला बोलावलं, सोबत मलाही. बाईंच्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. दारात त्यांनी आम्हाला सपाता दिल्या, जेवताना त्याच्या वाडग्यावर लक्ष ठेवलं, त्याच्याशी थायत्सांगच्या बोलीत काहीबाही बोलल्या, जे मलाही अर्धंच कळलं. निघताना तो दारातच निरोप घेऊन वळला, तर त्या लिफ्टमध्ये शिरल्या. खाली उतरल्या. फाटकापर्यंत आल्या, घरातल्याच सपाता घालून. "मान त्सौ, मान त्सौ," म्हणत राहिल्या. सावकाश जा.

टॅक्सी वळणाला आली तेव्हा त्याने मागे पाहिलं. म्हातारी अजून उभी होती.

"त्या कशाची वाट पाहतायत?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "आपण दिसेनासे व्हायची."