नाल्याकाठच्या पट्टीला मालक सापडेना

आमच्या सोसायटीची मागची भिंत आणि पावसाळी नाला यांच्यामध्ये जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे. ठाण्यात घोडबंदर रोडला अशा पट्ट्या जागोजागी दिसतील. थोडं राबिट, थोडी टणटणी, एखादा फुटका कमोड आणि प्लास्टिकच्या पिशवीसकट टाकलेलं निर्माल्य. येऊरच्या डोंगरावरचं पावसाचं पाणी या नाल्यातून खाडीकडे जातं आणि वाटेत हे सगळं सोबत नेतं. तिथे मधमाश्या-फुलपाखरांच्या कामाची झाडं लावायची, उघडी माती झाकायची आणि नाल्यात उतरणारी घाण अडवायची, असं आम्ही काही जणांनी ठरवलं. वर्गणी निघाली, रोपं मिळाली, खड्डे मारायला पोरंही तयार झाली. अडलं ते परवानगीपाशी, आणि ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

आधी गेलो महापालिकेच्या झाडांच्या खात्यात. तिथे छापील अर्ज: वृक्षाचे नाव, संख्या, उंची, खड्ड्याचे माप. आमच्या यादीत कढीपत्ता, पानफुटी, रुई, कोरांटी, अबोली, हरणदोडीचा वेल. टेबलावरच्या भाऊंनी यादी वाचली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "मॅडम, रुई कोण लावतं? ती आपोआप उगवते. आम्ही ती काढायला माणसं लावतो."

मी समजावलं. फुलपाखरू मध कुठल्याही फुलातला पिईल, पण अंडी घालायला त्याला ठरलेलंच झाड लागतं. प्लेन टायगरला रुई, रेड पिएरोला पानफुटी, कॉमन मॉरमॉनला कढीपत्ता. २०१५ साली आपल्या राज्याने ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू केलं, त्याच्या अळ्याही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतात. नुसता झेंडू लावला तर पाहुणे येतील, पिऊन जातील, पण संसार कोणी मांडणार नाही. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "वेलाची उंची काय लिहू?"

मग त्यांनीच मार्ग काढला. वड, पिंपळ, बहावा असं काहीतरी लिहा, लगेच पुढे पाठवतो म्हणाले. बहावा चालला असता, एमिग्रंट फुलपाखरं त्यावर अंडी घालतात. पण नाल्याची भिंत आणि सोसायटीची भिंत यांच्यामध्ये वड-पिंपळ म्हणजे काही वर्षांत दोन्ही भिंती जमीनदोस्त. आम्ही यादी बदलली नाही, तेव्हा कळलं की ती जागा त्यांच्याकडे येतच नाही. "नाल्याच्या खात्याची ना-हरकत आणा."

नाल्याच्या खात्यात सांगितलं, आमचं काम संरक्षक भिंतीच्या आतलं, बाहेरची जमीन आमची नाही. बरं, मग हरकत नाही असं लिहून द्या. तर म्हणे हरकत आहे, कारण गाळ काढायला मशीन यावं लागतं. जागा त्यांची नाही, हरकत मात्र त्यांची! तिथून मालमत्तेच्या टेबलावर. तिथला प्रश्न: बिल्डरने ही पट्टी हस्तांतरित केली होती का? बिल्डरच्या ऑफिसात फोन उचलणाऱ्या मुलीला आमची सोसायटी कुठे आहे हेच ठाऊक नव्हतं. नंतर साहेब मीटिंगला, साहेब व्हिजिटला, साहेब इलेक्शनच्या ड्युटीवर, सोमवारी या. सोमवारी गेलं की फाइल सहीला गेलेली, आणि सही करणारे साहेब रजेवर.

दरम्यान मृग गेला, आर्द्रा गेली. आमच्या बाल्कनीत रोपांच्या पिशव्यांतून मुळं बाहेर आली. त्यातच एका रात्री कोणीतरी त्या पट्टीवर टेम्पोभर राबिट ओतून गेलं. त्याला कोणाची ना-हरकत लागली नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त काकांनी शेवटी आमची गाडी रुळावर आणली. म्हणाले, "परवानगीचं राहू द्या, आधी माहिती मागा." माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. "काम का होत नाही" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. आम्ही फक्त एवढंच लिहिलं: अमुक भिंत ते तमुक नाला या जागेची देखभाल कोणत्या विभागाकडे आहे, त्या नोंदीची व नकाशाची प्रत द्यावी. अर्ज चुकीच्या ठिकाणी गेला तर कलम ६(३) प्रमाणे ५ दिवसांत तो योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, आणि ३० दिवसांत उत्तर न आल्यास अपील करता येतं. म्हणजे जी पायपीट आम्ही करत होतो ती आता कागद करू लागला, आणि प्रत्येक टेबलावर तारखेची नोंद होऊ लागली.

उत्तर आलं. देखभाल नाल्याच्याच खात्याकडे! ज्यांनी "आमची नाही" म्हणून परत पाठवलं होतं, त्यांच्याकडेच. उत्तराची प्रत जोडून नवा अर्ज दिला, तेव्हा चक्क साहेब स्वतः स्थळ पाहणीला आले. परवानगीच्या अटी अशा: पक्कं बांधकाम नको, मशीनसाठी एका बाजूने वाट मोकळी ठेवा, आणि मोठी झाडं लावू नका, फक्त झुडपं आणि वेल. पत्र वाचून मी मोठ्याने हसले. पहिल्या टेबलावर आमची जी यादी नाकारली गेली, तीच आता अट म्हणून आली होती.

तोवर दसरा आला होता. पावसाचं फुकटचं पाणी हातचं गेलं, पहिला उन्हाळा बोअरच्या पाण्यावर बादल्या वाहून काढावा लागला. म्हणून पुढच्या पावसाळ्यात लावायचं असेल तर दिवाळीनंतर लगेच अर्ज टाका. आणि कुठलाही कागद आवक क्रमांक आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय हातातून सोडू नका, समोरचा कितीही गोड बोलला तरी.

रोपं घेताना नर्सरीवाल्याला फवारणीबद्दल विचारा. इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक झाडाच्या अंगात भिनतं, मग परागात आणि मधातही उतरतं. आपण मधमाश्यांसाठी म्हणून लावायचं आणि त्यांना विष पाजायचं. अळ्यांनी पानं खाल्ली तर खाऊ द्या, त्यांच्यासाठीच ती लावलीत.

सोसायटीतही विरोध झाला. "मधमाश्या पोरांना चावतील" हा एक, आणि तिथे पेवर ब्लॉक टाकून जागा 'नीट' करू हा दुसरा. चावऱ्या आग्या माश्यांचं पोळं पाण्याच्या टाकीखाली कधीपासून आहेच, झुडपांवर येतात त्या बहुतेक छोट्या फुलोरी माश्या आणि एकेकट्या राहणाऱ्या माश्या. एकेकट्या माश्यांतल्या कित्येक जमिनीत बीळ करून राहतात. पेवर टाकला की त्यांचं घर गेलं आणि पाणी मुरायची जागाही गेली. बोलून कोणाला पटेना, तेव्हा विरोधकांनाच एका रविवारी ओवळेकर वाडीच्या फुलपाखरू उद्यानात नेलं. त्यातले दोघे आता झारी घेऊन सगळ्यांच्या आधी हजर असतात.

नाल्याचं काम मात्र लवकर उरकलं. एका विंगचं बेसिनचं साबणाचं पाणी पावसाळी लाइनला जोडलेलं निघालं, ते आमच्याच प्लंबरने ड्रेनेजला वळवलं. गाड्या धुण्याची जागा नाल्यापासून दूर नेली. पट्टीच्या उताराला कर्दळ लावलीय. तिच्या दाट मुळांशी वाहून येणारा गाळ बराच अडतो. फुलपाखरांसाठी ओला चिखल ठेवतो, पण पाणी साचू देत नाही, नाहीतर डासांची तक्रार आमच्याच नावावर.

आता भीती फक्त गवत कापणाऱ्यांची. गणपतीच्या आधी ते येतात आणि दिसेल ते साफ करतात, रुई तर सगळ्यात आधी. परवानगीपत्राची लॅमिनेट केलेली प्रत वॉचमनकडे ठेवलीय. मशीन दिसलं की आधी हे दाखवायचं आणि मग मला फोन करायचा, असं त्याला बजावलंय.