उंदरांची झोप मोडण्याच्या प्रयोगाला मंजुरी मिळवताना

पीएचडीसाठी झोप आणि स्मरणशक्ती हा विषय घेतला, तेव्हा पद्धत जवळजवळ ठरलेलीच होती. पाण्याच्या टाकीत छोटासा चौथरा, त्यावर उंदीर. रेम झोपेत, म्हणजे डोळे पापण्यांआड भरभर हलतात त्या टप्प्यात, स्नायू सैल पडतात, उंदराचा तोल जातो, नाकातोंडाला पाणी लागतं आणि तो दचकून जागा होतो. फ्रान्समध्ये मिशेल जुव्हे यांच्या गटाने १९६४ मध्ये मांजरांवर वापरलेली ही युक्ती आजही चालते, कारण ती स्वस्त आहे.

अशा प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते. त्यासाठीचा अर्ज, फॉर्म बी, भरला, प्राण्यांची संख्या कशी काढली तेही लिहिलं. सादरीकरण संपल्यावर समितीतल्या पशुवैद्यांनी विचारलं, "तुमचा उंदीर विसरला, तर तो झोप मिळाली नाही म्हणून, की भिजला, घाबरला, एकटा पडला म्हणून? हे वेगळं कसं काढणार?" प्रस्ताव या प्रश्नासकट परत आला.

मग वाचन सुरू झालं. एकाच टाकीत बरेच चौथरे ठेवून पिंजऱ्यातले सोबती एकत्र ठेवले, तर एकटेपणा टळतो, हिंडताही येतं. पण पाणी असतंच आणि कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक वाढतंच. तोल न जाता झोपता यावं म्हणून रुंद चौथऱ्यावर ठेवलेला तुलनेचा गटही धड झोपत नाही. शिकागोत झोपेचे संशोधक रेख्टशाफेन यांनी फिरत्या तबकडीवर दोन उंदीर ठेवले होते. ठरलेल्या उंदराला डुलकी लागली की तबकडी फिरायची. दुसऱ्यालाही तेवढंच चालावं लागायचं, पण पहिला जागा असताना त्याला झोपता यायचं. तुलना फार विचारपूर्वक केलेली. तरीही पूर्ण जागवलेले उंदीर जास्त खाऊनही वाळत गेले आणि ११ ते ३२ दिवसांत मेले किंवा मरणाच्या दारात पोचले. ते वाचल्यावर मला लांबलचक जागरण नकोच वाटलं.

शेवटी हाताने जागं ठेवायचं ठरवलं. उंदीर दिवसा झोपतो, म्हणून सकाळी दिवे लागल्यापासून सहा तास पिंजऱ्यावर टिचकी, नवा कागद, मऊ ब्रश. तुलनेच्या गटालाही तितकंच हाताळायचं, पण ते जागे असताना. उंदरात कॉर्टिकोस्टेरॉन संध्याकाळकडे आपोआप चढतं, म्हणून रक्त सगळ्यांचं एकाच वेळी घ्यायचं.

उंदीर कसा धरायचा हे ॲनिमल हाउसच्या मामांनी शिकवलं. शेपटीला हात लावायचा नाही, छातीखाली तळहात द्यायचा. प्रयोगाआधी रोज असं उचलून सवय करायची. डोळ्यांभोवती लाल कड दिसली की नवख्याला रक्तच वाटतं. ते डोळ्यामागच्या ग्रंथीतलं पॉर्फिरिन हे रंगद्रव्य असतं. उंदीर एरवी स्वतःला सतत साफ करतो. ताणात ते राहून जातं आणि लाली साचते. मामांना ती दुरूनही दिसायची.

वागणूक मोजतानाही फसगत होऊ शकते. प्लस मेझ म्हणजे भीती मोजायची अधिकच्या आकाराची उंच चौकट, दोन फाटे उघडे, दोन भिंतींनी बंद; घाबरलेला उंदीर उघड्या फाट्यांत जाणं टाळतो. रेम झोप तोडलेले उंदीर या उघड्या फाट्यांत काही प्रयोगांत जास्त जातात. म्हणून त्यांची भीती गेली असं म्हणायचं? ते एकूणच जास्त धावत असतात. त्यामुळे बंद फाट्यांतल्या फेऱ्याही मोजायच्या, हे बाहेरच्या संस्थेतून आलेल्या सभासदांनी लिहून घेतलं.

मंजुरी अटीसह मिळाली: प्रत्येक उंदराला किती वेळा जागं करावं लागलं याची नोंद ठेवायची, आणि लाली किंवा वजनातली घट ठरलेल्या मर्यादेपुढे गेली तर गटातली संख्या कमी झाली तरी तो प्राणी प्रयोगातून काढायचा. ही अट मी प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात जशीच्या तशी घातली आहे.