तुम्ही विचारलंत म्हणून: पूल खेळणारे सगळे जुगारीच का?

पूल म्हणजे बिलियर्ड्ससारखा खेळ: टेबलावर लांब काठीने, म्हणजे क्यूने, पांढरा बॉल मारून बाकीचे बॉल कडेच्या भोकांत, म्हणजे पॉकेटांत घालायचे. अमेरिकेत लुईव्हिलला राहायला आल्यापासून हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. मंडळाच्या गणपतीत कुणीतरी विचारतं, पुण्याहून फोनवर मावशी विचारते: "तू ते पूलचे सामने रात्र रात्र बघतेस, पण ती माणसं पैसे लावून खेळतात ना गं? एवढे मोठे खेळाडू, त्यांना जुगाराची काय गरज?" दर वेळी दोन वाक्यांत उत्तर देऊन विषय बदलावा लागतो. आज सविस्तर सांगते.

हो, पैसे लावतात, कारण शंभर वर्षं या खेळात पगार असा नव्हताच. विली मॉस्कोनी हा मोठा अपवाद. 1941 ते 1957 या काळात तो पंधरा वेळा जगज्जेता झाला, 1954 मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला त्याने न चुकता सलग 526 बॉल घातले. सुटाबुटात खेळणारा आणि पैजांच्या खेळाचा मनापासून तिटकारा असलेला माणूस. पण त्याच्या पाठीशी ब्रन्सविक ही टेबलं बनवणारी कंपनी होती. ज्यांच्या पाठीशी कुणी नव्हतं, त्यांनी काय करायचं? स्पर्धा जिंकली तरी हातात पडणाऱ्या पैशात प्रवास आणि हॉटेल निघालं तर नशीब. मग स्पर्धा ही ओळख करून घ्यायची जागा झाली आणि कमाई तिच्यानंतर, रात्री सुरू व्हायची.

इलिनॉयमधलं जॉन्स्टन सिटी हे कोळशाच्या खाणींच्या भागातलं चिमुकलं गाव. तिथे जान्स्को बंधूंनी 1961 पासून स्पर्धा भरवल्या. दिवसा सामने आणि रात्रभर पैजा, असं ते चालायचं. देशभरचे नामांकित खेळाडू तिथे जमायचे. 1972 मध्ये सरकारी धाड पडली, धरपकड झाली आणि ते सगळं बंद पडलं. तिथलाच तारा म्हणजे रुडॉल्फ वॉन्डरोन. त्याला आधी न्यूयॉर्क फॅट्स म्हणायचे. 1961 मध्ये पूलवर एक हॉलिवूडपट आला, त्यातल्या पात्राचं नाव मिनेसोटा फॅट्स होतं. ते पात्र माझ्यावरच बेतलंय, असं सांगत त्याने ते नाव उचललं आणि जन्मभर मिरवलं. मोठी स्पर्धा त्याने कधी जिंकली नाही. पण बोलणं असं की माणसं टेबल सोडून त्याच्याभोवती जमायची. भटक्या कुत्र्यामांजरांना घरी आणून सांभाळायचा. 1978 मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डोर्फ अस्टोरिया हॉटेलात त्याची आणि मॉस्कोनीची टीव्हीवर लढत झाली. मॉस्कोनी जिंकला, पण लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते फॅट्सचं. मॉस्कोनीला याचा फार त्रास व्हायचा आणि त्याची बाजू मला पटते. तरीही लाखो लोकांना पूलकडे वळवलं ते फॅट्सच्या बडबडीने, हेही तितकंच खरं.

आता मुख्य गोष्ट. मोठ्या पैशाचा खेळ ब्रेकने, म्हणजे डाव फोडणाऱ्या पहिल्या फटक्याने सुरू होत नाही, बोलीने सुरू होतो. दोघांत एक सरस असतो, तेव्हा सरळ खेळायला दुसरा तयारच होत नाही. मग सूट ठरते, तिला तिथे स्पॉट म्हणतात. नाइन-बॉल या प्रकारात पांढरा बॉल नेहमी सर्वांत लहान नंबरच्या बॉलला आधी लावायचा आणि नऊ नंबर घालेल तो जिंकला. दुबळ्याला 'आठ दिला' की त्याने आठ नंबर घातला तरी रॅक, म्हणजे तो डाव, त्याचा. वन-पॉकेट या प्रकारात प्रत्येकाचं एकच पॉकेट आणि आठ बॉल आधी घालणारा विजयी. तिथे मी नऊ घालतो, तू सात घाल, असं ठरतं. कुणी नुसता ब्रेक मागतो. जत्रेतल्या फडात कुस्तीची जोड लावताना जाणती माणसं दोन्ही पैलवानांना जोखतात ना, तीच नजर इथे लागते. फरक एवढाच, की इथे पैलवान स्वतःच घासाघीस करतो आणि स्वतःचा खेळ किती आहे हे जितकं झाकता येईल तितकं झाकतो. बोली चुकली तर पुढचे आठ तास कितीही सुंदर खेळा, पैसे गेलेच.

पैसे बऱ्याचदा खेळाडूचे नसतातच. मागे बॅकर असतो. हरलं तर सगळं नुकसान त्याचं, जिंकलं तर वाटणी, बहुतेक वेळा निम्मी निम्मी. यात घाण शिरते ती इथूनच. दोन खेळाडू आतून संगनमत करतात, एक मुद्दाम हरतो आणि बॅकरचे पैसे दोघं वाटून घेतात. याला माझ्या लेखी माफी नाही. या दुनियेने किती हुशार माणसं दारूत, ड्रग्जमध्ये आणि कर्जात घालवली याचाही हिशेब मोठा आहे. ते झाकून मला काही सांगायचं नाही.

पण एक रीत बघा. खेळ सुरू व्हायच्या आधी दोन्ही बाजूंचे पैसे बाहेर काढायचे. तिऱ्हाइताकडे द्यायचे, नाहीतर जुन्या पद्धतीप्रमाणे टेबलावर लोंबणाऱ्या दिव्याच्या छपरावर सर्वांदेखत ठेवायचे. शेवटचा बॉल पडला की जिंकणारा ते उचलतो. तिथे नुसत्या शब्दावर कुणी काही सोडत नाही.

आता प्रतिष्ठित बाजूकडे या. 1996 मध्ये डॅलसच्या स्पर्धेत सलग दहा रॅक साफ करणाऱ्याला, म्हणजे ब्रेकपासून शेवटपर्यंत समोरच्याला संधीच न देता जिंकणाऱ्याला, दहा लाख डॉलरचं बक्षीस जाहीर झालं होतं. अर्ल स्ट्रिकलंडने सलग अकरा साफ केले. रागीट, प्रेक्षकांशी भांडणारा, पण क्यू हातात घेतला की विजेसारखा चालणारा माणूस. बक्षिसाचा विमा उतरवलेला होता, पैशावरून वाद पेटला आणि शेवटी तडजोडीवर प्रकरण मिटलं. पुढे 2006. टीव्हीवरच्या जाहिरातींतून पैसा कमावलेल्या केव्हिन ट्रूडोने इंटरनॅशनल पूल टूर काढली होती. रीनोमधली वर्ल्ड ओपन एफ्रेन रेयेसने जिंकली. बक्षीस पाच लाख डॉलर, पूलमध्ये तोवर कधी न ऐकलेला आकडा. स्पर्धा संपली आणि आयोजकांनी सांगितलं की सगळे पैसे आत्ता देता येणार नाहीत, हप्त्याने देऊ. ज्या खेळाडूंनी सगळी कामं सोडून त्या टूरवर भिस्त ठेवली होती, त्यांचं काय झालं असेल? जुगारी म्हणून ज्यांना नावं ठेवतो, त्यांच्या अड्ड्यावर स्ट्रिकलंड आणि रेयेस या दोघांचे पैसे खेळाआधीच दिव्यावर असते. मावशी, मला राग येतो तो याचा.

रेयेसचं नाव निघालंच आहे तर थोडं थांबते, कारण माझ्या मते इतका मोठा खेळाडू दुसरा झाला नाही. फिलिपिन्सच्या पांपांगा प्रांतातला मुलगा, मनिलात काकांच्या पूल हॉलमध्ये वाढलेला. उंची पुरत नव्हती म्हणून कोकच्या खोक्यांवर उभं राहून खेळायचा, तिथेच टेबलावर झोपायचा. 1985 मध्ये ह्यूस्टनला आला तेव्हा 'सीझर मोरालेस' हे नाव लावून खेळला, कारण एफ्रेन रेयेस म्हटलं असतं तर जाणकारांनी त्याच्याविरुद्ध पैसेच लावले नसते. 1994 मध्ये पूलची यूएस ओपन जिंकली, ती जिंकणारा तो पहिला परदेशी. 1996 मध्ये हाँगकाँगला स्ट्रिकलंडशी 120 रॅकची रेस, म्हणजे आधी 120 रॅक घेईल तो जिंकला, सगळे एक लाख डॉलर एकट्या विजेत्याला. तीन दिवस चाललेला सामना, मध्येच रेयेस बराच मागे पडलेला, आणि शेवटी 120–117 ने जिंकलेला. मोठी रक्कम टांगणीला असताना हात न थरथरणं हे त्याला कुठल्या प्रशिक्षकाने शिकवलं नव्हतं. लहानपणी खिशात नसलेल्या पैशांवर खेळून ते आलं होतं.

हल्ली चित्र बदलतंय. 2024 मध्ये जेद्दाहला झालेल्या जागतिक स्पर्धेत फेडोर गॉर्स्टला अडीच लाख डॉलर मिळाले. असे आकडे टिकले तर पुढच्या पिढीला पोटासाठी पैज लावावी लागणार नाही, आणि मला त्याचा आनंदच होईल.

तोवर, ज्यांना स्वतः बघायचंय त्यांनी जानेवारीत आमच्याकडे यावं. नदीपलीकडे, इंडियानातल्या कसिनो हॉटेलात, 1999 साली सुरू झालेली डर्बी सिटी क्लासिक भरते. दिवसाचे सामने बघा, पण मध्यरात्रीनंतर उठू नका. पैसे लावायचे नाहीत, ही माझी अट. वन-पॉकेटच्या टेबलाजवळ खुर्ची धरा आणि दोघं सूट ठरवताना काय बोलतात ते नीट ऐका.