इतर अधिकारातून भोगवटादार सदरी

सातबाऱ्यावर माझं नाव नव्हतं असं नाही. होतं, पण 'इतर अधिकार'च्या रकान्यात. वर सोसायटीच्या कर्जाचा बोजा, त्याखाली मी, माझ्याखाली माझी मुलगी. भोगवटादार, म्हणजे जमिनीचा धारक, म्हणून एकटा मुलगा.

मालक २०११ साली वारले तेव्हा मुलगा शाळेत होता. वारस लावायला थोरले दीर गेले आणि त्या वेळी सगळीकडे लावत तसे लावून आले: मुलाचं नाव, पुढे 'अ.पा.क. आई' (म्हणजे अज्ञान मुलाची पालनकर्ता आई), आणि बायामाणसं इतर हक्कात. कुणाच्या पोटात पाप नव्हतं. मुलगा सज्ञान झाल्यावर ते अ.पा.क.ही निघालं.

पेरणी, मजूर, फवारणी, बाजार सगळं मी बघायचे. पीक कर्जाच्या कागदावर सही मात्र त्याची, आणि तो पुण्याला कंपनीत. त्याला सुट्टी मिळेपर्यंत कर्ज थांबायचं, पेरणी थांबत नाही. अतिवृष्टीचं अनुदान आलं तेही त्याच्याच खात्यात. पोरगा चांगला आहे, लगेच पाठवतो. पण पोरगा चांगला निघाला म्हणून काम चालतंय, हे काही बरं नाही.

२०२५ मध्ये शेतकरी ओळख क्रमांकाचं शिबिर लागलं. ऑपरेटरने आधार टाकलं आणि म्हणाला, "मावशी, तुमच्या नावावर क्षेत्रच दाखवत नाही." २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शेतजमीन धारकांमध्ये बायका साधारण १४ टक्के निघाल्या होत्या. माझ्यासारख्या किती जणी त्या गणतीत आल्याच नसतील, हे मला त्या टेबलासमोर कळलं.

आधी जुन्या फेरफाराची, म्हणजे वारस लावल्याच्या त्या नोंदीची, नक्कल काढली. सातबाऱ्यावर नावाजवळ वर्तुळात जो आकडा असतो तो फेरफार क्रमांक. तो लिहून दिला की तहसीलच्या अभिलेख कक्षातून नक्कल मिळते. त्यात शाईने स्वच्छ लिहिलेलं होतं, 'पत्नी व मुलगी यांची नावे इतर हक्कात'. कारण काही नाही. हिंदू वारसा कायद्यात पत्नी, मुलगा, मुलगी आणि मयताची आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस, म्हणजे सासूबाईंचंही नाव लागायला हवं होतं. त्या आता नाहीत.

तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) म्हणाले, "काकू, शेवटी पोराचंच आहे ना सगळं? कशाला उठाठेव?" मी म्हटलं, "पोराचंच आहे, तर माझं नाव लागल्याने त्याचं काय जातंय?" त्यावर मात्र त्यांनी रस्ता नीट सांगितला, ते खोटं का बोलू. महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनातली चूक किंवा संबंधितांनी कबूल केलेली चूक दुरुस्त होते, अर्ज तहसीलदारांकडे करायचा. कुणी आडवं आलं, तर प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) अपील, वर इतक्या वर्षांचा विलंब माफ करा म्हणून वेगळा अर्ज.

म्हणजे खरी गाठ मुलाच्या जबाबाशी होती. तो तयार होता. भावकी नव्हती. "आज आईचं नाव, उद्या बहिणीचं, मग जावई बांधावर," हे त्याच्या कानावर घालणारे कमी नव्हते. मुलीकडून हक्कसोड पत्र घ्या, मग तुमचं लावा, असाही तोडगा आला. मी नाही म्हटलं. ज्या रकान्यातून मला निघायचं होतं, तिथे लेकीला एकटी सोडून कशी निघू? शेवटी मुलगा रजा काढून आला आणि तहसीलमध्ये जबाब दिला: आई व बहीण वारस आहेत, नावे भोगवटादार सदरी घेण्यास हरकत नाही.

बाकी कागद किरकोळ. सातबारा, आठ-अ, फेरफाराची नक्कल, मृत्यूचा दाखला, वारसांचं शपथपत्र. अर्जाची पोच मात्र शिक्क्यासह घ्यावी. माझी फाइल मध्येच सापडेनाशी झाली तेव्हा तो शिक्काच कामी आला. तलाठ्यांचा अहवाल, मंडळ अधिकाऱ्यांचा अहवाल, मग आदेश. आदेश झाला म्हणजे नाव लागलं असं नसतं. त्यावरून नवा फेरफार धरतात, नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस, आणि मंडळ अधिकाऱ्यांनी तो मंजूर केला की मग सातबारा बदलतो.

हे सगळं बघून धाकट्या जाऊबाईंनी दिरांपुढे विषय काढला. ज्यांचा नवरा हयात आहे त्यांच्यासाठी लक्ष्मी मुक्ती आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ती मोहीम चालवली आणि १९९२ साली सरकारने तसा निर्णय काढला: नवऱ्याने स्वखुशीने अर्ज दिला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं, फी नाही. अडचण त्या 'स्वखुशीने'त आहे. धाकटे दीर अजून विचार करताहेत.

माझा शेतकरी क्रमांक आला. सोसायटीच्या सभासदत्वाचा अर्ज शेअरच्या रकमेसह दिलाय. सचिव म्हणाले, येत्या मीटिंगला ठेवतो. मीटिंग कधी आहे ते मी त्यांच्याकडून पोचेवर लिहून घेतलंय.