तुम्ही विचारलंत म्हणून : प्रभुभोजन फोनवर का घेतलं नाही?

लॉकडाऊनचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. प्रभुभोजन म्हणजे येशूने शेवटच्या भोजनात शिष्यांना दिली तशी भाकरी आणि द्राक्षारस चर्चमध्ये देण्या-घेण्याचा विधी. संडे स्कूलमध्ये माझ्या हाताखालून गेलेली पोरं विचारतात, पुण्या-मुंबईचे नातेवाईक विचारतात. शेजारच्या काकू चर्चला कधी येत नाहीत, पण त्यांनीही एकदा विचारलं, "तुमची प्रार्थना मोबाईलवर झाली, प्रवचन मोबाईलवर झालं, मग भाकरी-द्राक्षारसाचं तेवढं काय अडलं? समोर फोन ठेवायचा आणि घरातलीच भाकरी घ्यायची!" काकूंना साधं कुतूहल होतं. पण आमच्याच मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चचेच, काही जण हे विचारतात तेव्हा आवाजात दुखावल्याची छटा असते. हे मुख्यतः त्यांच्यासाठी लिहिते आहे.

आधी माझी बाजू कुठून येते ते सांगायला हवं. माझं माहेर छिंदवाडा जिल्ह्यातलं, सौंसरच्या बाजूचं. तिकडे घरात मराठी आणि बाजारात हिंदी चालते. त्या भागात स्वीडिश मिशनऱ्यांनी काम केलं, त्यामुळे आमचं घराणं लुथरन, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या पंथाचं. लग्न होऊन सांगलीला आले तेव्हा इथली मंडळी वेगळ्या परंपरेची निघाली. सांगली-मिरजेत अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन आलं, डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना उभा केला, आणि माझ्या सासरची माणसं त्या मिशनच्या छायेत वाढली. रोजच्या जगण्यात या फरकाने काही अडत नाही. गीतं तीच, पेटी-तबला तोच, नाताळचा फराळही तोच. फरक जाणवतो तो प्रभूच्या मेजापाशी, म्हणजे प्रभुभोजनात.

हा वाद पाचशे वर्षांचा आहे. १५२९ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गच्या गढीत मार्टिन ल्यूथर आणि झ्विंग्ली हे दोन धर्मसुधारक समोरासमोर बसले. पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर दोघांचं जमलं, प्रभुभोजनावर फिसकटलं. ल्यूथरने मेजावर खडूने लॅटिनमध्ये 'हे माझे शरीर आहे' असं लिहून ठेवलं आणि त्यावरून तो तसूभर हलला नाही. झ्विंग्लीच्या मते भाकरी ही खूण होती, आठवण होती. ल्यूथरच्या मते त्या भाकरीत, भाकरीसह, ख्रिस्त स्वतः दिला जातो. प्रेस्बिटेरियन लोक कॅल्विन या तिसऱ्या सुधारकाच्या वाटेचे. तो या दोघांच्या मधून चालला. म्हणजे माहेर-सासर धरून मी त्या मेजाच्या दोन्ही बाजूंना बसलेली आहे.

मार्च २०२० आला. २२ तारखेला जनता कर्फ्यू, २५ पासून लॉकडाऊन. त्याच आठवड्यात इस्लामपुरात एकाच कुटुंबाशी संबंधित रुग्ण सापडले आणि अख्खा जिल्हा हादरला. आदल्या ऑगस्टमध्ये महापुराने सांगली बुडवली होती, पण त्या संकटात माणसं एकमेकांकडे धावली होती. ज्याच्या घराला वरचा मजला, त्याने दार उघडलं. या वेळी नेमकं उलटं करायचं होतं. दार लावून घेणं हीच दुसऱ्याची काळजी, हे पचायला जड गेलं. तेव्हा माझ्या भावाने ल्यूथरच्या एका पत्राची आठवण करून दिली. १५२७ मध्ये विटेनबर्गला प्लेग आला, विद्यापीठ येना गावी हललं, पण ल्यूथर गावातच राहिला. 'मरीपासून पळावं का' असं ब्रेस्लाऊच्या पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) विचारलं होतं, त्याला त्याने सविस्तर उत्तर लिहिलं. सार असं की ज्याची रुग्णाला गरज आहे त्याने पळू नये, पण जिथे आपलं काम नाही तिथे उगीच जाऊही नये. घराला धुरी द्या, औषध घ्या. आपल्या हलगर्जीपणाने दुसऱ्याला रोग लागला तर ते पाप आहे. आमच्या चर्चच्या कमिटीतल्या काही वडीलधाऱ्यांना चर्चला कुलूप लावणं म्हणजे विश्वास कमी पडणं वाटत होतं. पाळकसाहेबांनी त्यांना हे पत्र फोनवरून वाचून दाखवलं. दुसऱ्या पंथाच्या माणसाचं पत्र, पण लागू पडलं.

मग उपासना कशी चालली? सांगायला अभिमान वाटतो, खूप काही चाललं. तरुण संघाच्या मुलांनी झूम सुरू केलं. पहिल्याच रविवारी सगळ्यांनी मिळून गीत म्हणायचा प्रयत्न केला आणि नुसता गलबला झाला, कारण प्रत्येकाचा आवाज दुसऱ्याकडे थोडा उशिरा पोचतो. त्यामुळे ताल धरताच येत नाही. मग ठरलं, एका घरातून पेटी आणि एकच आवाज, बाकी सगळे माईक बंद करून आपापल्या घरात मोठ्याने म्हणणार. पण झूम पोचलं फार तर निम्म्या घरांत. खणभागातल्या, कुपवाडच्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांकडे बटणांचा फोन. त्यांच्यासाठी कमिटीने घरं वाटून घेतली. रविवारी सकाळी एकेकाने चार-पाच घरी फोन करायचा, शास्त्रपाठ वाचायचा, प्रभूची प्रार्थना दोघांनी मिळून म्हणायची, आणि शेवटी न चुकता विचारायचं, "औषधं आहेत का? घरात पीठ आहे का?" माझ्या मते त्या दिवसांतली खरी उपासना ही होती. झूमचे फोटो सगळ्यांकडे आहेत, या फोनांची कुणाकडे नोंदसुद्धा नाही.

शब्द असा तारेवरून जातो, त्याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती. विश्वास ऐकण्यातून येतो असं पौलानेच म्हटलंय. ल्यूथरच्या 'लहान प्रश्नोत्तरी' या धर्मशिक्षणाच्या पुस्तिकेत तर प्रत्येक भागाच्या वर सूचनाच आहे, की घरच्या कर्त्याने हे आपल्या कुटुंबाला सोप्या रीतीने शिकवावं. माहेरी आम्ही तसेच शिकलो, सतरंजीवर बसून, वडिलांच्या तोंडून. घर हे उपासनेचं ठिकाण आहेच. झावळ्यांच्या रविवारी (पाम संडेला) लोकांनी दारातल्या नारळाची नाहीतर केळीची पानं चौकटीला बांधली. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) येशूचे क्रुसावरचे सात उद्गार सात घरांतून सात जणांनी वाचले, ते रेकॉर्डिंग अजून माझ्याकडे आहे.

अडलं ते त्याच्या आदल्या दिवशी. ९ एप्रिल, पवित्र गुरुवार, प्रभुभोजनाची रात्र. आमच्या ओळखीच्या एक आजी, ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांनी पाटावर स्वच्छ पांढरा रुमाल अंथरला, त्यावर चपाती आणि वाटीत द्राक्षांचा रस ठेवला, नातवाला व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं आणि पाळकसाहेबांना म्हणाल्या, "साहेब, यावर प्रार्थना करा, मी घेते." पाळकसाहेब बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आजी, मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो. हे मात्र मी स्वतः येऊन तुमच्या हातात देईन." त्यांनी तेविसावं स्तोत्र वाचलं. आजींनी रुमालाची घडी घातली. म्हणाल्या, "बरं, वाट बघते."

त्या रात्री काही घरांतून पाळकसाहेबांवर राग निघाला. कुणी म्हणालं कठोर, कुणी म्हणालं जुनाट. शिवाय रागावणाऱ्यांकडे मुद्दाही होता. अमेरिकेतल्या मोठ्या प्रेस्बिटेरियन चर्चने मार्चमध्येच आणीबाणीपुरती ऑनलाईन प्रभुभोजनाला वाट मोकळी केली होती. आमचं मूळ मिशन तेच, मग आपल्याला का नको? त्याच महिन्यात तिथल्या सगळ्यात मोठ्या लुथरन चर्चने मात्र उलट सल्ला दिला, की लोकांना पडद्यावरून प्रभुभोजन घ्यायला सांगू नका, हा काळ उपवासासारखा पाळा. माझ्या भावाच्या मंडळीतही तेच ठरलं.

मी कमिटीत पाळकसाहेबांच्या बाजूने बोलले, आणि आजही तेच बोलेन. 'घ्या, खा' हे शब्द एकाने दुसऱ्याला म्हणायचे आहेत. घ्यायचं म्हणजे कुणीतरी द्यायला हवं. माझ्या हाताने माझ्याच ताटातून उचललेली भाकरी चांगली असेल, पवित्र मनाने खाल्लेली असेल, पण ती मला कुणी दिलेली नाही. ल्यूथरचा सगळा भर 'तुमच्यासाठी' या शब्दांवर आहे. मी योग्य आहे की नाही, माझा विश्वास पुरेसा आहे की नाही, हे माझं मीच ठरवत बसले तर कधीच धीर होणार नाही. बाहेरून एक हात येतो, भाकरी तळहातावर पडते, आणि देणारा म्हणतो, तुझ्यासाठी. तिथे माझा हिशेब संपतो. शिवाय शेजारी कोण गुडघे टेकतं हे मी निवडत नाही. जिच्याशी हळदी बाजारातल्या दुकानापायी वर्षभर बोलणं बंद आहे, ती जाऊबाईही त्याच रांगेत असते. फोनवर माणूस आपला चौकोन बंद करू शकतो.

ज्यांनी आपापल्या मंडळीत फोनसमोर प्रभुभोजन घेतलं त्यांचं खोटं होतं असं मी म्हणत नाही. भूक लागलेल्याने काय करावं हे मी सांगणारी कोण. आम्ही भूक तशीच ठेवली, एवढंच.

यातली सगळ्यात कठीण बाजू टाळून पुढे जाता येणार नाही. त्या काळात आमच्या मंडळीतली काही माणसं प्रभुभोजनाशिवाय गेली. कोविड वॉर्डात पाळकांना प्रवेश नव्हता. ल्यूथरने मरणाऱ्याला सोडू नका म्हटलं होतं, आणि आम्हाला दारातच थांबवलं होतं. आमच्या मंडळीतली एक परिचारिका अशाच वॉर्डात ड्युटीवर होती. पीपीई किटच्या आतून, दोन हातमोज्यांच्या हाताने ती माणसांचा हात धरायची आणि मास्कमधून मोठ्याने प्रभूची प्रार्थना म्हणायची, ख्रिस्ती असो नसो, ज्याने मागितली त्याच्यासाठी. तिला कुणी नेमलं नव्हतं. त्या माणसांना देवाने उपाशी पाठवलं असं मी मानत नाही. वचन त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. तरी त्यांच्या घरच्यांचं दुःख खरं आहे, आणि त्यावर माझ्याकडे फुंकर घालण्यापलीकडे काही नाही.

ते दिवस ऐन द्राक्षांचे होते. व्यापारी फिरकेनात, गाड्या बंद, तासगावकडच्या बागांत माल वेलीवर लटकलेला. ज्यांना जमलं त्यांनी बेदाणा केला. सासूबाईंच्या माहेरच्या एका बागायतदाराने आमच्या दारात दोन क्रेट सोनाका द्राक्षं ठेवून दिली, पैसे घेतले नाहीत. खाऊन संपेना, म्हणून सासूबाईंनी गच्चीवर साड्या अंथरून ती वाळत घातली. घरचं वाळवण, रॅकवरच्यासारखं एकसारखं हिरवं-पिवळं नव्हे, तपकिरी झालं. बरणी भरताना त्या म्हणाल्या, "ही खायची नाहीत. चर्च उघडेल तेव्हा लागतील."

चर्च उघडलं दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबर २०२० ला राज्यातली सगळी प्रार्थनास्थळं उघडली तेव्हा. एरवी आमच्याकडे प्रभुभोजनाचा रस काळ्या मनुकांचा करतात. या वेळी सासूबाईंनी ते बेदाणे रात्रभर भिजवले, सकाळी मंद आचेवर उकळले, पातळ फडक्यातून पिळून गाळले, थोडी साखर घातली. रंग लाल आला नाही, गडद मधासारखा आला. एकाने विचारलंच, "हा चालेल का?" पाळकसाहेब म्हणाले, "द्राक्षाचाच आहे ना? चालेल." एक बाक सोडून एक बाक, प्रत्येकाला वेगळा छोटा कप, पाळकांच्या तोंडावर मास्क. चर्चमध्ये उपासना संपल्यावर पाळकसाहेब थेट त्या आजींकडे गेले. मी सोबत होते. आजींनी तोच रुमाल काढला, आणि भाकरी घेताना त्यांचा हात इतका थरथरत होता की पाळकसाहेबांनी खालून आपला हात धरला.

पुढे एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा कुलूप लागलं, जुलैत पुन्हा पूर आला, आणि ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, दारं परत उघडली. दुसऱ्या खेपेला मात्र कुणी फोनवरच्या प्रभुभोजनाचा आग्रह धरला नाही. झूम आता बंद आहे. फोनची यादी चालू आहे, तिच्यात नवी नावं येतात. पूर्वी घरी जाऊन प्रभुभोजन द्यायचं ते कुणी अगदी शेवटच्या घटका मोजत असेल तेव्हाच. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी पाळकसाहेब आणि कमिटीतलं एक माणूस दुचाकीवरून निघतात, विश्रामबागेपासून माधवनगरपर्यंत. तुमच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, जिना उतरवत नसेल, तर शनिवार संध्याकाळपर्यंत मला कळवा. रस जास्तीचा करून ठेवते.