कुशीवर घेतलेलं बीपी

जुलैची रात्र, बाहेर धो धो पाऊस आणि पस्तिसाव्या आठवड्यातली पहिलटकरीण कपाळ दाबत आमच्या ग्रामीण रुग्णालयात आली. सासू म्हणाली, "तिका पित्त झालाहा." कोकमाचं आगळ देऊन झालं होतं, दुपारी पॅरासिटामॉलही.

20 आठवड्यांनंतर डोकं दुखलं की बीपी बघितल्याशिवाय पित्ताचं नाव घ्यायचं नाही. बीपी घेतलं होतं, 146/96. पण बाई डाव्या कुशीवर आणि पट्टा उजव्या, म्हणजे वरच्या दंडाला! तो दंड हृदयाच्या वर राहतो, आकडा 10-15 ने सहज कमी येतो. पाठ टेकवून बसवलं, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीवर. पाच मिनिटांनी 164/112. पंधरा मिनिटांनी पुन्हा तेवढंच.

"ताई, नजरेला काही होतंय?"

"काजवे चमकतात."

उजव्या बरगडीखाली दुखत होतं. घरचे ज्याला पित्त म्हणत होते ते हेच. प्रीएक्लॅम्पसियात, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून अवयवांना इजा करणाऱ्या आजारात, यकृत सुजून त्याचं आवरण ताणलं जातं. गुडघ्याचा झटका (हातोडीने ठोकल्यावर पाय उडणं) जोरदार. लघवीच्या पट्टीवर प्रोटीन जेमतेम, पण तेवढ्याने प्रीएक्लॅम्पसिया नाही असं म्हणता येत नाही. ताप नव्हता, मान ताठ नव्हती, हातापायांत जोर सारखा, दुखणं एका क्षणात उसळलेलं नव्हतं. यातलं काही असतं तर मेंदूतला रक्तस्राव किंवा शिरेतली गुठळी शोधायला स्कॅन लागला असता. डोक्याच्या सीटीत बाळापर्यंत किरण नगण्य पोचतात, त्या भीतीने तो टाळू नये.

बाईला दमा, म्हणून बीपी उतरवणारं लॅबेटालॉल बाद. निफेडिपिन 10 मिग्रॅ तोंडाने गिळायला दिलं, जिभेखाली नाही. वीस मिनिटांनी 20. बीपी 140-150/90-100 वर थांबवायचं. एकदम उतरवलं तर बाळाचा रक्तपुरवठा घटतो.

मग फिट टाळायला मॅगसल्फ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. त्याच्या 50 टक्केवाल्या 2 मिलीच्या अँप्युलमध्ये 1 ग्रॅम. चार अँप्युल आणि 12 मिली सलाइन, असे 20 मिली शिरेतून दहा मिनिटांत. घाईत न मिसळता देण्याची चूक इथेच होते. मग दोन्ही कुल्ल्यांत खोल 5-5 ग्रॅम. अंगातून गरम वाफ गेल्यासारखं वाटेल, हे आधीच सांगावं, नाहीतर बाई घाबरते.

हे सगळं 108 घाटाला लागण्याआधी, कारण वळणावर फिट आली तर हात चालत नाहीत. सोबत सिस्टर, ऑक्सिजन आणि मॅगसल्फ जास्त झालं तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट 10 मिली. चिठ्ठीवर डोसाची वेळ मोठ्या अक्षरात: 11.40. पुढचा 5 ग्रॅम चार तासांनी, तोही गुडघ्याचा झटका, श्वास आणि लघवी तपासून.