आमची वाटचाल: शेजारचं घर विकताना

दापोली तालुक्यात चिरेकाम आणि कौलारू छपरांची दुरुस्ती हा आमच्या फर्मचा मूळ धंदा. घरं विकण्याकडे वळलो ते ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर. शेजारच्या घराची कौलं उडाली होती, मालक काका मुंबईत. म्हणाले, "तूच बघ बाबा. विकून टाक एकदाचं."

पडेल भावात घे आणि मुंबईच्या गिऱ्हाईकाला दुपटीने दे, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. पण शिमग्याला पालखी त्यांच्याही अंगणात येते आणि आमच्याही. तिथे तोंड चुकवून कसं चालेल? शिवाय वाडीत भाव लपत नाही. म्हणून आम्ही घर विकतच घेतलं नाही. नोंदणीकृत करार केला: मालक काकाच, दुरुस्तीचा खर्च आमचा, ठरलेल्या किमतीच्या वर मिळेल त्यात निम्मं-निम्मं. खरेदीखत थेट काका आणि गिऱ्हाईक यांच्यात झालं, त्यामुळे मधली एक खरेदी आणि तिचा मुद्रांक वाचला. आजही बहुतेक घरं याच पद्धतीने विकायला घेतो.

खरी कमाई मात्र कागदात आहे. घरपट्टी आजोबांच्या नावावर, सातबाऱ्यावर अर्धी नावं मयतांची, हे इथलं नेहमीचं. वारसनोंद, फेरफार, हिस्से यांत महिने जातात. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला, तरी "बहिणी काय, देतील सही" म्हणणारे भाऊ अजून भेटतात. आम्ही बहिणींच्या वाट्याची रक्कम आधी लिहून घेतो, मगच घराला हात लावतो. सगळ्या सह्या झालेल्या घरावर गिऱ्हाईक फारशी घासाघीस करत नाही.

मागची पोफळीची बाग बहुधा शेतजमीन असते. कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. मग गावठाणातलं घर मुंबईकराला आणि बाग गावातल्याच शेतकऱ्याला, अशी विभागणी करतो. विहिरीचं पाणी आणि पायवाट दोन्ही खतांत लिहायची, नाहीतर पहिल्याच मे महिन्यात भांडण.

किनाऱ्यालगतच्या घराचा भाव एजंट "सीआरझेडमध्ये (किनारा नियमन क्षेत्रात) आहे" म्हणून पाडतात. आम्हाला तीच घरं आवडतात. ना-विकास पट्ट्यात नवं बांधकाम सहजी होत नाही, पण अधिकृत जुन्या घराची, आहे त्या जोत्याच्या हद्दीत, परवानगीने दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते. म्हणजे किंमत त्या जोत्याला. ग्रामपंचायतीचा जुना असेसमेंट (घरपट्टी आकारणीचा) उतारा आधी शोधायचा, सुतार नंतर.

दुरुस्तीत स्लॅबच्या वाटेला जात नाही. वासे गेले असतील तर लोखंडी सांगाडा घालतो, वर तीच मंगलोरी कौलं. गिऱ्हाईक ओटीवरच्या झोपाळ्याच्या गप्पा मारतं, पण घर पसंत करतं ते न्हाणीघर बघून. मोठा खर्च तिथे. वाचवण्यासारखं नसलेलं घर उतरवलं तर खांब, फणसाच्या फळ्या, जुने दरवाजे रिसॉर्टवाले हौसेने नेतात.

विक्री लांबली की राज्याच्या पर्यटन विभागाच्या न्याहारी-निवास योजनेत नोंद करून एखादा हंगाम पाहुणे ठेवतो. त्या जमाखर्चाची वही दाखवली की बोलणी झटपट होतात. विकल्यावरही काम सुटत नाही: पावसाआधी कौलं परतणं, विहीर उपसणं, आठवड्याला दारं उघडणं. ही वार्षिक देखरेख हल्ली आमचं सर्वांत भरवशाचं उत्पन्न आहे. पालखीसाठी अंगण मोकळं ठेवायचं, हे नव्या मालकाला व्यवहाराआधीच सांगतो. आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही.

वारस ठाणे, पुणे, बडोद्याला पांगलेले. सगळे एकत्र भेटतात ते गणपतीत. म्हणून सह्यांची बोलणी गौरी गेल्यावर, आणि दुय्यम निबंधकाकडची वेळ सुट्ट्या बघून आधीच घेतलेली. यंदाच्या एका घरात आत्याबाई अडून बसल्या आहेत: विकायचं नाही, भाड्याने द्या. त्यांच्यासाठी भाडेकराराचा मसुदा वेगळा करून ठेवला आहे.